ढोल्याला कधी मारायचं

दत्ताभाऊ रेणुसेला मी चार वर्षांत एकदाही घाईत पाहिलं नाही. एसटी डोळ्यांदेखत निघाली तरी तो पळायचा नाही. हात वर करून आपल्या चालीनं यायचा, आणि ड्रायव्हर पुटपुटत का होईना, थांबायचा. चहा समोर आला की त्याच्यावर साय धरेपर्यंत नुसता बघत बसायचा. काही विचारलं तर उत्तर इतक्या उशिरा यायचं, की आपण काय विचारलं होतं तेच आपण विसरून जावं. मी जात्याच उतावळा. भोरला आमच्या आळीत मला लहानपणापासून तुरतुऱ्या म्हणतात. असल्या माणसाच्या डोक्यात दत्ताभाऊ गेला नसता तरच नवल.

आणि शेवटच्या वर्षात त्याला घाई करायला लावायचं काम नेमकं माझ्याच गळ्यात पडलं. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्याच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, एक मूत्रपिंड त्याला चालत होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून तसं सांगितलं होतं, खर्चाची सोय योजनेतून होत होती, आणि अक्का तर एका पायावर तयार होती. फक्त हा बाबा घ्यायला तयार नव्हता. "तुमचं ऐकतो त्यो. तुमी सांगा त्येला," असं अक्का मला म्हणाली. माझं का ऐकावं त्यानं? तर आम्ही दोघं मोबाईलवर राक्षसांची लढाई खेळायचो म्हणून. हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं तशी जागा फारशी नाही.

मी वेल्ह्याला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. सकाळी भोरहून निघायचं, नसरापूरला गाडी बदलायची, दहाच्या आत खुर्चीत बसायचं. कचेरीच्या मागं दत्ताभाऊची भातगिरणी. जेवणाच्या सुट्टीत मी गिरणीच्या भिंतीला टेकून गेम खेळायचो, कारण रेंज तिथंच चांगली यायची आणि साहेबांच्या खिडकीतून ती भिंत दिसत नसे. एके दिवशी गिरणीचं दार उघडं होतं. आत पोत्यावर एक धिप्पाड माणूस बसला होता, भुवयांवर, कानांवर, सगळीकडं भाताचा कोंडा. हातात फोन. फोन दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून वर रबर लावलेलं, आणि अंगठा त्या प्लास्टिकवरनं फिरत होता. गिरणीच्या धडधडाटात आवाज ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. मी मागून डोकावलो तर पडद्यावर माझाच गेम.

"काय बघताय क्लार्कसाहेब?" त्यानं मागं न वळता विचारलं. "हरतोय का जिंकतोय?"

"हरताय," मी म्हणालो. अगदी उघड दिसत होतं.

"आसं? बगा मग."

पुढच्या पाच मिनिटांत त्यानं समोरच्याला पाणी पाजलं. मी जेवणाचा डबा न उघडताच परत कचेरीत गेलो. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा, पण आठ दिवसांत त्यानं माझं अहोजाहो बंद करायला लावलं. स्वतः मला एरवी अव्या म्हणायचा, लोकांदेखत मात्र शेवटपर्यंत 'क्लार्कसाहेब', आणि त्यातली चेष्टा फक्त मला कळायची.

गेमचं नाव सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला. प्रकार सोपा आहे. दोन्ही बाजूंना चार-चार प्राणी. एका वेळी मैदानात एकेकच. दोघांनी आपापली चाल गुपचूप निवडायची, मग दोन्ही एकदम उघडतात. ज्याचे चारही आडवे झाले तो हरला. बहुतेक लोक चपळ, आग ओकणारे, दिसायला देखणे प्राणी घेतात. मीही तेच घ्यायचो. दत्ताभाऊचा सगळा डाव एका लठ्ठ, ओबडधोबड प्राण्यावर उभा असायचा. गेममध्ये त्याला काहीतरी लांबलचक परदेशी नाव होतं. दत्ताभाऊ त्याला ढोल्या म्हणायचा. चिखलात लोळून उठलेल्या रेड्यासारखा दिसायचा तो. पाठीवर शेवाळ, पोट जमिनीला टेकलेलं, डोळे मिचमिचे. मारायला गेला तर कुणाला धड लागायचंही नाही. पण तो मैदानात आला की आपोआप पाऊस सुरू व्हायचा आणि पाच चाली पडत राहायचा. त्या पावसात दत्ताभाऊची मासोळी, एक किडकिडीत प्राणी, दुप्पट वेगानं पळायची, आणि ती काम उरकायची. ढोल्याचं काम म्हणजे यायचं, पाऊस पाडायचा, आणि मार खात उभं राहायचं.

गंमत पुढं आहे. समोरच्याकडंही हवा बदलणारा प्राणी असला, समजा ऊन पाडणारा, आणि दोघं एकदमच मैदानात आले, तर जो चपळ त्याची हवा आधी येते. मग जो मठ्ठ त्याची येते, आणि आधीची पुसून टाकते. म्हणजे मठ्ठ असणाऱ्याचीच हवा टिकते. हे कळल्यावर दत्ताभाऊनं महिनाभर खपून आपला ढोल्या होता त्याहून मठ्ठ करून घेतला होता. लोक आपले प्राणी वेगवान करायला जिवाचं रान करतात, आणि हा उलटा.

"पयल्यांदा बोलणाऱ्याचं कुणी ध्यानात ठेवत न्हाई," तो म्हणायचा. "शेवटी बोलंल त्याचं राहतं."

गिरणीतही त्याचं हेच. सुगीनंतर भात भरडायला रांग लागायची. बायामाणसं डोक्यावर पाटी घेऊन दोन-दोन तास चालत आलेली असायची. एकदा गावातले एक बडे गृहस्थ जीप लावून उतरले, आणि माझी पोती आधी घ्या म्हणाले. मी असतो तर भांडलो असतो, तोंडाचा पट्टा सोडला असता. दत्ताभाऊ नुसता "व्हय की" म्हणाला. गिरणी बंद केली. चाळणी काढली. ती बाहेर नेऊन झाडली, ब्रशनं घासली, उन्हात धरून एकेक भोक बघितलं. मग पट्टा काढला, त्याला राळ लावली. तासभर हे चाललं होतं. गृहस्थ घड्याळ बघून बघून लाल झाले आणि पोती तिथंच ठेवून निघून गेले. ते गेल्यावर दत्ताभाऊनं गिरणी चालू केली आणि रांगेतल्या पहिल्या बाईला हाक मारली. पोती शेवटी भरडली, चोख भरडली, आणि स्वतः पोचवली. एक वावगा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. मी म्हणालो, "काय सुनवायचं होतंस त्यांना." तो म्हणाला, "माणूस बोलतो ते सोड. खेळतो ते बघ."

हे त्याचं आवडतं वाक्य होतं. कुणी कितीही गोड बोललं, कितीही आवेशानं शपथा घेतल्या, तरी हा वाट बघायचा, की हा माणूस हाताशी डाव आला की काय करतो.

एकदा मी त्याला ओढून पुण्याला स्पर्धेला नेलं. पोरंसोरं होती सगळी, खुर्च्यांवर पाय घेऊन बसलेली, डोक्याला ते मोठाले हेडफोन. त्यांच्यात हा, पांढरा सदरा, पायजमा, आणि फोन पिशवीतच. मी म्हटलं, अरे इथं कुठं कोंडा आहे, काढ ती पिशवी. तो म्हणाला, "सवय झालीय अंगठ्याला." लोक एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खेळ सुरू झाला आणि त्यानं प्रत्येक चालीला मिळतो तेवढा सगळा वेळ घेतला. शेवटच्या सेकंदापर्यंत. समोरचे वैतागायचे, मान हलवायचे, मग घाईत काहीतरी चुकायचे. त्यानं एकापाठोपाठ एक तीन जण गारद केले. चौथा डाव जिंकला असता तर अंतिम फेरी. डाव अर्धा झाला होता, हा पुढं होता. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, फोन खिशात घातला आणि उठला. म्हणाला, "गाडी चुकंल. उद्या सकाळी कानंदच्या म्हातारीचं भात घेतो म्हटलंय." आयोजक बघतच राहिले. परतीच्या एसटीत मी त्याच्याशी अवाक्षर बोललो नाही. तो शांतपणे शेंगदाणे खात होता, आणि मधून मधून मलाही देत होता.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की तो ढोल्याला फार जपत असेल. तिथंच माझं आणि त्याचं बिनसायचं. ढोल्याचं आयुष्य संपत आलं की मी त्याला मागं घ्यायचो आणि दुसरा प्राणी आत पाठवायचो. आत येताना तो दुसरा प्राणी फटका खायचा, कारण आत येण्यातच तुमची चाल खर्च होते. दत्ताभाऊ कपाळाला हात लावायचा. "आरं, कशाला वाचवतोस त्याला? त्याचं काम झालं. मरू दे. मेला की पुढचा फुकटात आत येतो, न खरचटता." आणि मग तो सावकाश, एकेका शब्दावर थांबत सांगायचा, "ढोल्याला कधी मारायचं हे ज्याला कळलं, त्याला गेम कळला."

तीन वर्षं त्यानं माझ्याकडून हे घोटून घेतलं. इतकं की पुढं पुढं माझं डोकं विचार करायच्या आधी माझा अंगठाच ढोल्याला मरायला सोडायचा. तरीही मी त्याच्याविरुद्ध कधी जिंकलो नाही. एकदाही नाही.

मग त्याचे पाय सुजायला लागले. वहाणांचे अंगठे काढून टाकले त्यानं, आणि कुणाला काही बोलला नाही. तोंड सुजलं तेव्हा कोंड्यामुळं म्हणाला. धाप लागायला लागली तेव्हा वय झालं म्हणाला, शेहेचाळीस वर्षांचा माणूस. शेवटी पोती उचलताना तोल जाऊन पडला तेव्हा मी त्याला भोरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, आणि त्याच्याकडं न बघता माझ्याकडं बघून विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" मला त्या क्षणी दत्ताभाऊचा असा संताप आला, की त्याला गदागदा हलवावं. समोरच्याला आधी खेळू द्यायचं म्हणे. आजाराला कसलं आधी खेळू देतोस?

त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस भोरला डायलिसिस. तो सकाळच्या गाडीनं वेल्ह्याहून यायचा, चार तास त्या खुर्चीत पडायचा, आणि परत जाऊन गिरणी चालू करायचा. त्याच्या डाव्या हाताची शीर डॉक्टरांनी जोडून घेतली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत घरघर लागायची. "बघ, हितं पण गिरणी चालू हाय," असं म्हणून तो माझा हात धरून त्यावर ठेवायचा. मला ते अजिबात सहन व्हायचं नाही. पाण्यावरही बंदी आली. दिवसभरात एवढंच प्यायचं असं मापून दिलेलं. तो बाटली समोर ठेवून चहासारखाच तिच्याकडं बघत बसायचा. गेम मात्र चालू होता, फक्त आता उजव्या अंगठ्यानं, कारण डावा हात हलवायचा नव्हता.

अक्काला मी पहिल्यांदा त्या दवाखान्यातच पाहिलं. पासलीला दिलेली, पन्नाशी ओलांडलेली, भावाच्या निम्म्या अंगाची आणि दुप्पट वेगाची बाई. दत्ताभाऊ पाच वर्षांचा असताना यांची आई गेली. तेव्हा बारा वर्षांच्या अक्कानं शाळा सोडून त्याला वाढवला. पुढं तिचं लग्न झालं. त्याचं झालं नाही, म्हणजे त्यानं होऊ दिलं नाही. डायलिसिसवर फार दिवस काढता येणार नाहीत, बदलून घेतलेलं बरं, असं डॉक्टर म्हणाल्याबरोबर तिनं दंड पुढं केला. "काडा रगत, काय तपासायचं ते तपासा." तपासण्या जुळल्याचं कळलं त्या दिवशी तिनं सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले. आणि दत्ताभाऊ म्हणाला, "मला नगं."

का नको? तर काय बोलावं यानं. मी त्याच्यापुढं डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी होतं. "तिच्यामागं नवरा हाय, दोन पोरी हायेत, लावणी-कापणी हाय. माझ्यामागं कोण हाय? एक गिरणी. ती कुणीबी चालवंल." मी म्हणालो, डॉक्टर सांगताहेत की तिला काही होणार नाही, एका मूत्रपिंडावर माणूस जगतो. "मग मला जगवायला तिचं कशाला काडायचं? मी ढोल्या हाय, अव्या. माझं काम झालं."

मी उठून बाहेर गेलो. रडलो नाही, चिडलो होतो. माणसानं गेममधलं शहाणपण असं अंगाला लावून घ्यावं? आणि हे शहाणपण तीन वर्षं मी मान डोलवत ऐकलं होतं, आहा म्हटलं होतं.

अक्का व्हरांड्यात उभी होती. माझा हात धरून म्हणाली, "भाऊ, म्या त्येला मांडीव घिऊन वाडीवलंय. माज्यापुडं त्यो मरतो म्हंतो. तुमी कायबी करा, पन त्येला हो म्हनायला लावा." दहा जणांसमोर त्या बाईनं मला हात जोडले. मी तिला वचन दिलं. वचन द्यायला काय जातंय.

महिनाभर मी बोललो. डॉक्टरांना बोलायला लावलं. तो ऐकून घ्यायचा, आणि सगळ्यात शेवटी "नगं" म्हणायचा. शेवटी एका शनिवारी, गिरणीत, मी इरेला पेटलो. म्हणालो, "दत्ताभाऊ, तुझा तो सिद्धान्तच चुकीचा आहे. ढोल्या जिवंत ठेवूनही डाव जिंकता येतो. तो जिवंत असला तर पुन्हा पाऊस पाडू शकतो. मेला की हवा संपली."

त्यानं हातातली चाळणी खाली ठेवली. मग म्हणाला, "खेळून दाखव."

"काय?"

"मला हरवायचं. ढोल्या शेवटपत्तोर जित्ता ठेवून. एक डाव. दोघांकडं तेच चार प्राणी. हरवलंस तर म्या सोमवारी अक्काला हो म्हणतो."

"आणि हरलो तर?"

"तर हा विषय परत काडायचा न्हाई. तू बी न्हाई, अक्का बी न्हाई."

मी म्हटलं, आयुष्याचा निकाल कुणी असा लावतं का? तो म्हणाला, "बोलून तर तू महिना घालवलास." आणि पिशवीतला फोन हातात घेतला.

दुपारचा एक वाजला होता. गिरणी बंद होती, शनिवारची सुट्टी असूनही मी मुद्दाम आलो होतो. आम्ही दोन पोत्यांवर समोरासमोर बसलो. असा डाव मी जन्मात खेळलो नव्हतो. डोकं लख्ख चालू होतं. ढोल्याला मी दोनदा वेळेवर मागं घेतलं, त्याच्यासाठी दुसऱ्या प्राण्यांना मार खाऊ दिला, त्यातले दोन गमावले. पण दत्ताभाऊचेही तीन पडले, त्याचा स्वतःचा ढोल्या त्यात पहिला. त्यानं त्याला नेहमीसारखाच सोडून दिला होता. आता त्याच्याकडं एकच उरली, घार. तीही अर्धमेली. माझ्याकडं मैदानात ढोल्या, जेमतेम धुगधुगी असलेला, आणि मागं माझी मासोळी, अर्ध्याहून थोडं कमी आयुष्य असलेली. पाऊस आणखी दोन चाली पडणार होता.

आता ऐका, कारण सगळं इथंच आहे. ढोल्याला मागं घेऊन मासोळीला आत आणलं असतं, तर येता येता तिला घारीचा फटका बसला असता. घारीकडं दोन मार होते. झडप आणि चोच. झडप जबर, चोच हलकी. झडप बसली असती तर मासोळी मेली असती, आणि मग ढोल्याच्यानं काही होणार नव्हतं. चोच बसली असती तर मासोळी वाचली असती, आणि पुढच्या चालीत पावसातल्या तिच्या वेगानं तिनं घारीला आधी गाठून संपवलं असतं. ढोल्या जिवंत, डाव माझा. पण त्यात धोका होता. दुसरा रस्ता बिनधोक. ढोल्याला मरू द्यायचं, मासोळी फुकटात आत, न खरचटता, आणि घार खलास. हमखास विजय, फक्त पैजेची अट मोडून.

पंधरा सेकंद होते. घड्याळ खाली येत होतं. मला सगळं कळत होतं, शप्पथ सांगतो, कुठल्या बाजूला काय आहे ते मला स्वच्छ कळत होतं. आणि माझा अंगठा खाली गेला आणि त्यानं ढोल्याला तिथंच राहू दिलं.

ढोल्या पडला. मासोळी आत आली. घार पडली. पडद्यावर माझं नाव चमकलं आणि मी, हा मी, पोत्यावरून उडी मारून उठलो आणि ओरडलो, "हरवलं तुला, दत्ताभाऊ, हरवलं." चार वर्षांत पहिल्यांदा. एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. तो आनंद किती वेळ टिकला कोण जाणे, दोन श्वास असेल. मग मला त्याचा चेहरा दिसला.

तो चिडलेला नव्हता. त्यानं फोन पोत्यावर ठेवला आणि हळूहळू, फार हळूहळू हसला. "बराबर खेळलास," म्हणाला. "मी बी ह्येच केलं असतं."

"दत्ताभाऊ, थांब. चुकून झालं. सवयीनं. परत खेळू."

"चुकून न्हाई. तू बोललास एक आन् खेळलास एक." मग तो उठला, खांद्यावरचा कोंडा झटकला. "आता त्यो विषय बंद."

मी खूप बडबडलो. हा नुसता गेम आहे म्हणालो, पैज रद्द म्हणालो, पाया पडतो म्हणालो, पडलोही. त्यानं मला दोन्ही दंडांना धरून उभं केलं. त्याच्या हाताची ती घरघर माझ्या दंडाला लागली.

सोमवारी एसटीत मी तो डाव पुन्हा बघितला. झालेले डाव गेममध्ये साठवलेले असतात, कुणी काय चाल केली तेही दिसतं. नसरापूर जाईपर्यंत मी शेवटच्या चाली चार वेळा बघितल्या. घारीनं शेवटच्या तिन्ही चालींत चोच मारली होती. झडप एकदाही नाही. खेळताना घाईत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आधीच्या दोन चालींत तिनं झडप मारली असती तर माझा ढोल्या केव्हाच आडवा झाला असता. आणि त्या शेवटच्या चालीलाही दत्ताभाऊनं चोचच निवडली होती. मी मासोळीला आत आणलं असतं तर ती वाचली असती. त्यानं माझ्या ढोल्याला दोन चाली हातानं जिवंत ठेवलं होतं, मी त्याला वाचवतो का हे बघायला. त्याला हो म्हणायचं होतं. त्याला कुणीतरी वाचवायला हवं होतं, आणि ते तोंडानं मागणं त्याला जमत नव्हतं.

मी कचेरीत न जाता तडक गिरणीत गेलो. म्हणालो, "तू चोच मारलीस. तिन्ही वेळा." तो चाळणी झाडत होता. मान वर न करता म्हणाला, "प्लास्टिकवरनं बोट सरकलं असंल." मी पिशवीकडं बघितलं. चार वर्षांत त्याचं बोट त्या प्लास्टिकवरून एकदाही सरकलेलं मी पाहिलं नव्हतं. हे मी त्याला सांगितलं. त्यानं गिरणी चालू केली, आणि पुढं मी काय बोललो ते मलाच ऐकू आलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी तो गेला. गिरणीतच, सकाळी, पोत्याला टेकून बसलेला. हृदय बंद पडलं, अशा पेशंटचं होतं असं, डॉक्टर म्हणाले. मी तेव्हा तिथं नव्हतो. मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या शुक्रवारी, भोरला, डायलिसिसच्या खुर्चीत. मशीन चालू होतं. तो डोळे मिटून पडला होता, अंग निम्मं झालेलं, सदरा लोंबत होता. फोन उशाला होता, बंद. अक्का खाली जमिनीवर बसून फडक्यातली भाकरी सोडत होती. तिला पैजेतलं काहीही माहीत नव्हतं. मला बघून तिनं जागा करून दिली, आणि दबक्या आवाजात विचारलं, "भाऊ, तुमी म्हनला हुता त्येला समजावतो म्हनून. बोलला का नीट?"

 खरं सांगायला निघालो होतो, देवाशपथ. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. डोळे न उघडता, नेहमीसारखा थांबत थांबत.

"बोलला की अक्का. लई बोलला. पाया पडला माझ्या. म्याच न्हाई ऐकलं त्याचं."

अक्कानं डोळ्याला पदर लावला. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला, मी काही फार मोठं काम केल्यासारखा. "तुमी तरी काय करनार, लेकरा," म्हणाली. "तुमी तुमच्या परीनं केलं." तिनं तांदळाची भाकरी अर्धी मोडली, वर कोरड्यास घातलं आणि माझ्या हातावर ठेवली. दत्ताभाऊनं डोळे उघडून एकदा माझ्याकडं बघितलं, आणि परत मिटले. मी तिथंच त्याच्या पायाशी बसलो आणि ती भाकरी खाल्ली, सगळी.